वसुलीचा दावा काढून घेतल्यास होणारा खर्च

वसुलीचा दावा काढून घेतल्यास होणारा खर्च म्हणजे धनकोने (वादीने) कर्जाच्या किंवा उधारीच्या वसुलीसाठी दिवाणी न्यायालयात दाखल केलेला दावा निकालापूर्वीच मागे घेतला असता, तोपर्यंत दोन्ही पक्षांना आलेला न्यायालय शुल्काचा, वकील फीचा व इतर खर्च कोणी सोसावा, हा दिवाणी कायद्यातील प्रश्न होय. भारतात त्याचे उत्तर प्रामुख्याने दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम ३५, कलम ३५-अ, आदेश २३ आणि आदेश २४ यांत सापडते. या तरतुदींनुसार दावा विनापरवानगी काढून घेणारा वादी न्यायालय ठरवील त्या खर्चास जबाबदार असतो. मात्र ही जबाबदारी आपोआप अमलात येत नाही. न्यायालयाने तसा आदेश द्यावा लागतो आणि मंजूर होणारी रक्कम प्रत्यक्ष खर्चापेक्षा बहुधा पुष्कळच कमी असते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग अशा मुंबईच्या जुन्या वस्त्यांत लहान रकमांच्या उधारीचे, हातउसन्या पैशांचे आणि जामीनकीचे व्यवहार पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. तेथील सामान्य ऋणकोच्या दृष्टीने या फरकाला विशेष महत्त्व आहे.

संज्ञा

दिवाणी न्यायालयाच्या भाषेत ‘खर्च’ या शब्दाला मर्यादित अर्थ आहे. त्यात न्यायालय शुल्क, समन्स बजावणीचा खर्च, साक्षीदारांचा भत्ता आणि नियमांत ठरवून दिलेल्या प्रमाणातील वकील फी यांचा समावेश होतो. १९७६ च्या दुरुस्तीने संहितेत घातलेल्या आदेश २०-अ नुसार नोटीस पाठविणे, वादपत्र व कैफियत टंकलिखित करणे, अभिलेखांची पाहणी करणे अशा बाबींचा खर्चही न्यायालयाला मंजूर करता येतो. पक्षकाराने आपल्या वकिलाला प्रत्यक्षात दिलेली फी, तारखांसाठी बुडालेली मजुरी, प्रवास आणि मनस्ताप या गोष्टी साधारणपणे या हिशेबात येत नाहीत.

पक्षकार आणि त्याचा वकील यांच्यातील फीचा व्यवहार हा स्वतंत्र करार असतो. दावा काढून घेतला म्हणून स्वतःच्या वकिलाची ठरलेली फी देण्याचे दायित्व संपत नाही. भारतीय वकील परिषदेच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरविण्यास वकिलांना मनाई आहे. त्यामुळे ‘वसुली झाली तरच फी’ असा करार येथे मान्य नाही. दुसरीकडे, फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा (२०००) या निकालात स्पष्ट केले.

दावा काढून घेण्याचे प्रकार

आदेश २३, नियम १ नुसार वादीला दावा दाखल केल्यानंतर केव्हाही सर्व किंवा काही प्रतिवादींविरुद्धचा दावा, अथवा मागणीचा काही भाग, सोडून देता येतो. व्यवहारात वादी किंवा त्याचा वकील ‘पुरशिस’ नावाचा लेखी कथनाचा अर्ज न्यायालयात सादर करतो आणि न्यायालय त्यावर आदेश करून दावा निकाली काढते. खर्चाच्या दृष्टीने पुढील चार प्रकार वेगळे ओळखले जातात.

पहिला प्रकार विनापरवानगी माघारीचा. यात वादी नव्याने दावा करण्याची मुभा न मागता दावा काढून घेतो. नियम १ च्या पोटनियम ४ प्रमाणे तो न्यायालय ठरवील त्या खर्चास जबाबदार ठरतो आणि त्याच विषयावर त्याला पुन्हा दावा दाखल करता येत नाही.

दुसरा प्रकार परवानगीसह माघारीचा. एखाद्या स्वरूपदोषामुळे दावा फसणार असेल, किंवा नव्याने दावा करू देण्यास अन्य पुरेसे कारण असेल, तर न्यायालय योग्य वाटतील त्या अटींवर मुभा देते. प्रतिवादीचा खर्च चुकता करणे ही यांतील नेहमीची अट होय. नवा दावा दाखल करण्यापूर्वी खर्च भरलाच पाहिजे, अशीही अट घालता येते. नियम २ नुसार मुदतीची गणना मात्र पहिला दावा झालाच नव्हता असे समजून केली जाते. पैशांच्या बहुतेक दाव्यांना मुदत कायदा, १९६३ प्रमाणे तीन वर्षांची मर्यादा असल्याने, परवानगी मिळूनही उशीर झालेल्या धनकोचा नवा दावा मुदतबाह्य ठरू शकतो.

तिसरा प्रकार तडजोडीचा. नियम ३ नुसार तडजोड लेखी असावी व तिच्यावर पक्षकारांच्या सह्या असाव्यात. खर्च कोणी द्यावा हे पक्षकार स्वतःच ठरवतात आणि हुकूमनामा त्याप्रमाणे होतो.

चौथा प्रकार गैरहजेरीमुळे दावा निकाली निघण्याचा. वादी हजर न राहिल्याने आदेश ९, नियम ८ खाली दावा फेटाळला गेल्यास ती तांत्रिकदृष्ट्या माघार नसते. असा दावा पुन्हा फाइलवर घेण्यासाठी वादीला गैरहजेरीचे पुरेसे कारण दाखवावे लागते आणि न्यायालय खर्चाच्या अटीवर तसा आदेश देऊ शकते.

वादीने दावा काढून घेतला तरी प्रतिवादीचा प्रतिदावा संपत नाही. आदेश ८, नियम ६-ड प्रमाणे तो स्वतंत्रपणे पुढे चालविता येतो.

खर्चाचा आदेश

कलम ३५ नुसार खर्च देववणे हे न्यायालयाच्या विवेकाधीन आहे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा, हे त्यामागील मूळ तत्त्व होय. त्यापासून दूर जायचे असल्यास न्यायालयाने लेखी कारणे नोंदविणे आवश्यक असते. तरीही माघारीच्या पुष्कळ आदेशांत ‘खर्चाबाबत हुकूम नाही’ एवढेच वाक्य असते. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्याचा खर्च त्याने सोसावा. पुरशिस दाखल होत असताना प्रतिवादी किंवा त्याचा वकील हजर नसेल, किंवा हजर असूनही खर्चाची मागणी करत नसेल, तर असा आदेश होण्याचा संभव वाढतो. खर्च मंजूर झाल्यास त्या आदेशाची अंमलबजावणी हुकूमनाम्याप्रमाणे दरखास्त देऊन करता येते.

खोट्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने केलेल्या दाव्यांसाठी कलम ३५-अ मध्ये भरपाईदाखल खर्चाची तरतूद आहे. वादीला स्वतःला ठाऊक असूनही त्याने खोटा दावा केला, असा आक्षेप प्रतिवादीने आधी घेतलेला असावा लागतो. त्यानंतर तो दावा फेटाळला गेला, सोडून दिला गेला किंवा पूर्णतः वा अंशतः काढून घेतला गेला, तरी न्यायालय कारणे नोंदवून भरपाई देऊ शकते. म्हणजेच दावा काढून घेतल्याने वादी या तरतुदीतून सुटत नाही. मात्र भरपाईची कमाल मर्यादा ३,००० रुपये, किंवा त्या न्यायालयाची आर्थिक अधिकारमर्यादा यांपैकी कमी असेल ती, एवढीच आहे. १९७६ पासून तीत बदल झालेला नाही.

दाव्यानंतर रक्कम भरल्यास

दावा सोडून देण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे प्रतिवादीने मध्यंतरी पैसे भरणे. आदेश २४ प्रमाणे प्रतिवादी दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर आपल्या मते देय असलेली रक्कम न्यायालयात जमा करू शकतो. जमा रकमेची सूचना वादीला मिळाल्यावर त्या रकमेवर पुढील व्याज मिळत नाही. वादीने ती रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारल्यास, खर्च कोणाकडून देववायचा हे ठरविताना ‘या खटल्याला अधिक दोषी कोण’ याचा विचार न्यायालयाने करावा, असे नियम ४ सांगतो. या नियमाखाली संहितेतच तीन उदाहरणे दिलेली आहेत. त्यांचे तत्त्व मुंबईतील व्यवहाराला लावून पुढीलप्रमाणे मांडता येते.

दादरच्या एका घाऊक व्यापाऱ्याची लालबागच्या दुकानदाराकडे दोन लाख रुपयांची उधारी आहे, असे समजू. व्यापाऱ्याने कधीही मागणी न करता आणि मागणी केल्याने आपले नुकसान होईल असे मानण्यास कारण नसताना थेट दावा लावला, आणि दुकानदाराने लगेच रक्कम जमा केली, तर व्यापाऱ्याला खर्च मिळू नये. दुकानदाराने आधी देणे नाकारले आणि नंतर मात्र पूर्ण रक्कम भरली, तर दावा आवश्यक होता हे त्याच्याच वर्तनाने सिद्ध होते. म्हणून व्यापाऱ्याला खर्च मिळावा. दुकानदार दोन लाख देण्यास तयार असताना व्यापाऱ्याने तीन लाखांचा दावा केला आणि अखेर दोन लाखांवर समाधान मानले, तर उलट व्यापाऱ्यानेच दुकानदाराचा खर्च द्यावा.

दाव्यापूर्वीची मागणीची नोटीस, तिला दिलेले उत्तर आणि बँकेतून भरलेल्या रकमांच्या पावत्या ही कागदपत्रे खर्चाच्या प्रश्नात निर्णायक ठरतात, हे या उदाहरणांवरून दिसून येते.

न्यायालय शुल्काचा परतावा

वादीने भरलेले न्यायालय शुल्क हा खर्चाचा मोठा भाग असतो. महाराष्ट्रात ते महाराष्ट्र न्यायालय शुल्क अधिनियम, १९५९ प्रमाणे आकारले जाते आणि २०१८ पासून त्याची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. अधिनियमाच्या कलम ४३ नुसार पुरावा नोंदविण्यापूर्वी दावा पक्षकारांच्या संमतीने मिटल्यास निम्मे शुल्क परत मिळू शकते. त्यासाठी एका वर्षाच्या आत मागणी करावी लागते. ही सवलत परस्परसंमतीने मिटलेल्या दाव्यासाठी आहे. वादीने एकतर्फी दावा काढून घेतल्यास तिचा लाभ मिळत नाही. प्रलंबित दावा लोकअदालतीत मिटल्यास विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे शुल्क परत मिळते. न्यायालयाबाहेर खासगीरीत्या झालेल्या तडजोडीलाही परताव्याचे तत्त्व लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तमिळनाडूच्या कायद्यासंदर्भात दिला.

निर्धन व्यक्ती म्हणून शुल्क न भरता दावा करण्याची परवानगी मिळालेल्या वादीने दावा काढून घेतल्यास, माफ झालेले शुल्क भरण्याचा आदेश आदेश ३३, नियम ११ नुसार त्याला दिला जातो.

मुंबईतील न्यायालये

कोणत्या न्यायालयात दावा होता यावरही खर्चाचा नियम अवलंबून असतो. गिरगावाला लागून असलेल्या धोबी तलाव येथील लघुवाद न्यायालय इलाखा शहर लघुवाद न्यायालय अधिनियम, १८८२ खाली चालते. मूळचे ते लहान रकमांच्या वसुलीचे न्यायालय होते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर घरमालक-भाडेकरू वाद हेच त्याचे मुख्य काम झाले. या न्यायालयाची कार्यपद्धती स्वतंत्र आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेशांपैकी फार थोडे नियम त्याला थेट लागू होतात. लघुवाद न्यायालयात चालू शकणारा दावा उच्च न्यायालयात दाखल करणाऱ्या वादीवर १८८२ च्या अधिनियमाने जरब बसविली होती. अशा दाव्यात वादीला हुकूमनामा मिळाला नाही, तर प्रतिवादीला त्याच्या ॲटर्नीला द्यावा लागणारा खर्च अधिक उदार प्रमाणाने मिळण्याची तरतूद कलम २२ मध्ये होती. गरीब ऋणकोला महागड्या न्यायालयात ओढू नये, हा तिचा परिणाम होता.

मुंबई नगर दिवाणी न्यायालय १९४८ च्या अधिनियमाने स्थापन झाले. त्याचे मुख्य कामकाज फोर्ट येथील जुन्या सचिवालयाच्या इमारतीत चालते. १९५० मध्ये त्याची आर्थिक मर्यादा २५,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. त्या वाढीच्या वैधतेचा प्रश्न वचनचिठ्ठ्यांवरील सुमारे ११,७०० रुपयांच्या वसुलीच्या दाव्यातूनच उपस्थित झाला आणि मुंबई राज्य विरुद्ध नरोत्तमदास जेठाभाई (१९५१) या निकालाने ती वाढ वैध ठरली. पुढे ही मर्यादा २०१२ मध्ये १ कोटी आणि २०२४ मध्ये १० कोटी रुपये झाली. त्यामुळे दक्षिण व मध्य मुंबईतील खासगी वसुलीचे बहुतेक दावे आता याच न्यायालयात येतात.

पतपेढ्या व सहकारी बँका यांच्या सभासदांकडील येणी सामान्यतः दिवाणी न्यायालयात जात नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात, किंवा कलम १०१ खाली वसुली दाखल्याने त्यांची वसुली होते. २० लाख रुपये व त्यावरील बँक कर्जांसाठी ऋण वसुली न्यायाधिकरण आहे. तेथे अंतिम आदेशापूर्वी प्रकरण मिटल्यास अर्जदाराला विहित दराने शुल्क परत मिळण्याची सोय आहे.

वाणिज्यिक दावे

तीन लाख रुपये व त्यावरील वाणिज्यिक वादांना वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ लागू होतो. या अधिनियमाने अशा दाव्यांपुरते कलम ३५ बदलले. त्यानुसार साक्षीदारांचा, वकिलांचा व कार्यवाहीचा ‘वाजवी’ खर्च मंजूर करता येतो. पक्षकारांचे वर्तन, तसेच तडजोडीचा रास्त प्रस्ताव कोणी नाकारला, याचाही विचार केला जातो. कलम ३५-अ मधील ३,००० रुपयांची मर्यादा वाणिज्यिक वादांना राहिलेली नाही. तातडीचा दिलासा मागितलेला नसल्यास दाव्यापूर्वी मध्यस्थी बंधनकारक आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात तिचे बंधनकारक स्वरूप कायम केले. परिणामी मोठ्या व्यापाऱ्याविरुद्धचा दावा काढून घेणाऱ्या वादीला खर्चाची जी धास्ती असते, ती दोन लाखांच्या उधारीसाठी लालबागच्या दुकानदारावर दावा लावणाऱ्याला नसते.

धनादेशाची प्रकरणे

उधारीपोटी दिलेला धनादेश न वटल्यास धनको दिवाणी दाव्याऐवजी किंवा त्याच्याबरोबर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करतो. गिरगाव आणि दादर (भोईवाडा) येथील दंडाधिकारी न्यायालयांत अशा तक्रारी चालतात. तक्रार आपसांत मिटविल्यास खर्चाचा नियम दिवाणी दाव्याच्या उलट दिशेने चालतो. खर्च तक्रारदारावर पडत नाही, तर उशिरा तडजोड करणाऱ्या आरोपीवर पडतो. दामोदर प्रभू विरुद्ध सय्यद बाबालाल (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने धनादेशाच्या रकमेच्या १० ते २० टक्के अशी चढती आकारणी ठरवून दिली. गोव्यातून आलेल्या संजबिज तारी विरुद्ध किशोर बोरकर या प्रकरणात २०२५ मध्ये ती कमी करण्यात आली. बचावाचा पुरावा नोंदविण्यापूर्वी मिटविल्यास आकारणी नाही, त्यानंतर पण दंडाधिकाऱ्यांच्या निकालापूर्वी ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात ७.५ टक्के आणि सर्वोच्च न्यायालयात १० टक्के, असे तिचे आजचे स्वरूप आहे.

गिरणगावातील पार्श्वभूमी

परळ, लालबाग व आसपासच्या गिरणगावातील कामगारांचे कर्जबाजारीपण ही जुनी समस्या होती. ब्रिटिशकालीन भारतातील कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या शाही आयोगाने (व्हिटले आयोग) १९३१ च्या अहवालात औद्योगिक कामगारांच्या ऋणग्रस्ततेची सविस्तर दखल घेतली होती. मुंबई सावकार अधिनियम, १९४६ ने परवाना नसलेल्या सावकाराला वसुलीचा हुकूमनामा मिळू नये अशी तरतूद केली. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमातही ती कायम आहे. परवान्याचा हा आक्षेप कैफियतीत येताच दावा काढून घ्यायचा की चालवायचा, असा प्रश्न विनापरवाना सावकारापुढे उभा राहतो.

महाराष्ट्र कर्जमुक्ती अधिनियम, १९७५ ने अल्पभूधारक शेतकरी, ग्रामीण कारागीर आणि कामगार अशा दुर्बल ऋणकोंची सावकारी कर्जे संपुष्टात आणली. त्यांच्यावरील प्रलंबित वसुली दावे कायद्यानेच निरस्त झाले. सर्वोच्च न्यायालयाने फत्तेचंद हिम्मतलाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७७) या निकालात हा कायदा वैध ठरविला. हे दावे कोणी स्वेच्छेने काढून घेतलेले नसल्यामुळे माघारीच्या खर्चाचा नियम त्यांना लागू होण्यासारखा नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मात्र अशी व्यापक सवलत नसताना अनेक कुटुंबांना पुन्हा उसनवारीवर दिवस काढावे लागले.

इतर देशांतील नियम

इंग्लंड व वेल्समध्ये दावा सोडून देणारा वादी प्रतिवादीच्या तोपर्यंतच्या खर्चास जबाबदार असतो, हाच सामान्य नियम आहे. न्यायालयाने वेगळा आदेश दिला तरच त्यातून सुटका होते. मात्र लहान रकमांच्या दाव्यांना हा नियम लागू नाही. अमेरिकेत, कायद्याने किंवा कराराने वेगळे ठरविलेले नसल्यास, प्रत्येक पक्ष आपल्या वकिलाची फी स्वतः भरतो. भारतीय कायद्याने तत्त्व इंग्लंडकडून घेतले, परंतु जबाबदारी आपोआप न लादता ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविली.

टीका आणि सुधारणा

मंजूर खर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांतील अंतरावर सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा भाष्य केले आहे. सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशन (२००५) या निकालात खर्च वास्तव असावा, अशी अपेक्षा व्यक्त झाली. संजीव कुमार जैन (२०१२) या प्रकरणात मात्र, दिल्ली उच्च न्यायालयाने प्रत्यक्ष वकील फीच्या आधारे मंजूर केलेला ४५ लाखांहून अधिक खर्च नियमांतील प्रमाणापलीकडे जातो म्हणून टिकला नाही. त्याच निकालात कलम ३५-अ मधील मर्यादा एक लाख रुपयांपर्यंत वाढविण्याची सूचना करण्यात आली. भारतीय विधि आयोगाने मे २०१२ मध्ये दिवाणी खटल्यांतील खर्च या विषयावर आपला २४० वा अहवाल सादर केला. त्यातील विचारांचा प्रभाव वाणिज्यिक दाव्यांच्या तरतुदींत दिसतो, तर सामान्य दिवाणी दाव्यांत जुनीच मर्यादा चालू आहे.

ही विषमता सर्वाधिक जाणवते ती निर्दोष प्रतिवादीला. कर्ज आधीच फेडलेला ऋणको, किंवा जामीनपत्रावर सहीच न केलेला कथित जामीनदार वकील देतो, कैफियत दाखल करतो, तारखांना हजर राहतो. आणि पुरावा सुरू होण्याच्या सुमारास वादी दावा काढून घेतो. कायद्याने त्याला पुन्हा त्याच दाव्याला तोंड द्यावे लागत नाही, हा त्याचा मुख्य लाभ होय. खर्चाचा लाभ मात्र त्याने तीन गोष्टी वेळेवर केल्या तरच पदरात पडू शकतो: दावा खोटा असल्याचा आक्षेप कैफियतीत स्पष्टपणे नोंदविणे, झालेल्या खर्चाच्या पावत्या जपणे आणि पुरशिशीवर आदेश होण्यापूर्वी खर्चाची लेखी मागणी करणे. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्न गटातील पक्षकार यांना यासाठी विधि सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो.